गिरण्यांची जमीन आणि शहराचा वाटा

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंतच्या पट्ट्यात, ५८ कापडगिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती, आणि १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या तेव्हा या जमिनीचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. त्याचे जे उत्तर प्रत्यक्षात दिले गेले त्याचे समर्थक असे म्हणतात की, फोर्ट आणि नरिमन पॉइंट येथे कोंडलेल्या व्यापारी केंद्राला विस्तारायला जागा हवी होती; मालकाला पुरेसा लाभ दिल्याशिवाय जमीन बाहेर निघणार नव्हती; ती विकली गेली नसती तर कामगारांची थकलेली देणी भागली नसती; आणि ज्यांना हे रूपांतर खुपते त्यांच्यापाशी भोंगा नि धुराडी यांच्या आठवणींपलीकडे सांगण्यासारखे काही नाही. यांपैकी पहिले विधान खरे आहे आणि शेवटचे बिनबुडाचे. वाद उरतो तो मधल्या दोहोंचा.

कोणत्या भूखंडावर काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी केली होती: एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. पुढची दहा वर्षे हा नियम बहुतांशी कागदावरच राहिला, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी मान्य केले पाहिजे. मात्र तो कागदावर का राहिला हे पाहिले तर समर्थकांचा निष्कर्ष टिकत नाही. जुन्या इमारती न पाडता त्यांचा वापर बदलण्याची मुभा नियमातच होती, त्यामुळे वाटणीचा प्रसंगच येऊ नये म्हणून शेड आणि धुराडी जागच्या जागी ठेवून आत दुकाने व कार्यालये थाटणे मालकांना सोयीचे झाले. आडवाट खुली असताना नाक्यावर जकात भरायला कोणी आले नाही, एवढ्यावरून जकातीचा दर जाचक होता असे सिद्ध होत नाही.

२००१ साली आडवाट बुजवण्याऐवजी नाकाच हलवला गेला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने वाटणीचा पाया गिरणीच्या एकूण जमिनीवरून आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीवर आणला आणि बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जागा वाटणीतून वगळली. समजा, एखाद्या गिरणीची जमीन दहा एकर आहे आणि त्यातील आठ एकर शेडखाली आहेत, तर जुन्या हिशेबाने महापालिकेच्या वाट्याला सव्वातीन एकरांहून अधिक जागा आली असती. नव्या हिशेबाने ती पाऊण एकरही भरत नाही. कापडगिरणी हा आडवा पसरणारा उद्योग असल्याने मोकळी जागा थोडीच राहणार, हे दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यामुळे नियमाच्या वैधतेचा प्रश्न मिटला. नगररचना म्हणून तो शहाणपणाचा होता काय, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा होता आणि तो तसाच राहिला.

कामगारांच्या देण्यांचा मुद्दा भावनेला हात घालतो, म्हणून त्याची तपासणी सहसा होत नाही. विक्रीचा पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कारणासाठीच रक्कम काढता येईल अशा बँक खात्यात, ठेवण्याची तरतूद योग्यच होती. परंतु मजुरी आणि ग्रॅच्युइटी ही मालकाची जबाबदारी असताना ती भागवण्यासाठी शहराची मैदाने आणि गरिबांची घरे खर्ची का पडावीत, याचे उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये विकलेल्या गिरण्यांपैकी एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले. जमिनीला असा भाव असताना तिसऱ्या हिश्श्यातून देणी फिटलीच नसती, हे दाखवण्याची जबाबदारी समर्थकांवर आहे. शिवाय हे महामंडळ सरकारी, तेव्हा नाखूश मालकाची सबबही येथे चालत नाही. कामगारांच्या पदरात पडलेल्या घरांचा हिशेब तर आणखी अडचणीचा आहे: सुमारे दीड लाख अर्ज आले, पहिली सोडत २०१२ मध्ये ६,९२५ घरांची निघाली, आणि उरलेल्यांना आता शेलू नि वांगणी दाखवली जात आहे. ज्यांच्या नावाने जमीन सोडवली, त्यांना कर्जत लोकलने पाठवणे हा त्या युक्तिवादावरचा सर्वांत कठोर अभिप्राय आहे.

परंतु केवळ वाटा वाढवून मागणे पुरेसे नाही. मध्यवर्ती व्यापारी भाग वाढवायचा म्हणजे रस्ते, पादचारी वाटा, स्थानके आणि मोकळ्या जागा यांची सलग जोडणी करायची, आणि ती एकेका भूखंडाच्या नकाशातून होऊ शकत नाही. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित विचार करावा आणि त्यांतील सार्वजनिक जागा जोडून घ्याव्यात अशी दिशा दाखवली होती. ती बाजूला राहिली. नियमांनी मोजले ते चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर एकूण किती मजल्यांचे मिळून किती बांधकाम होईल एवढेच. तेथे रोज येणारी माणसे कोणत्या जिन्याने उतरतील हे मोजले गेले नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी गिरणगावातल्याच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला आणि नंतर नवा पूल बांधायला लष्कराला बोलवावे लागले. त्या पुलाच्या रुंदीसाठी पावसाला किंवा अफवेला जबाबदार धरता येत नाही.

अशी एकत्रित आखणी मुंबईला जमण्यासारखी नव्हती असेही नाही. १८६०च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली तेव्हा काही भूखंड विकून सार्वजनिक कामांसाठी पैसा उभारला गेला, रुंद रस्ते आखले गेले, आणि ओव्हल, क्रॉस व आझाद ही मैदाने बांधकामावाचून राहिली. त्या राज्यकर्त्यांना चाळकऱ्यांची फिकीर नव्हती, तरीही आधी आखणी आणि मग विक्री हा क्रम त्यांनी पाळला.

आता पाळी पूर्व किनाऱ्याची आहे. शिवडीपासून कुलाब्याच्या दिशेने पसरलेल्या गोदी आणि गोदामांची बहुतेक जमीन मुंबई बंदर प्राधिकरण या एकाच सार्वजनिक संस्थेकडे असल्याने मालकाला राजी करण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही; प्रश्न आहे तो जुन्या भाडेपट्ट्यांचा, आणि भाडेकरू तेथेही चालू बांधकामाकडे बोट दाखवून आपला हिस्सा वगळायला सांगतील. म्हणून रस्ते, मैदाने आणि परवडणाऱ्या घरांचे भूखंड एकूण क्षेत्रावर मोजून नकाशात कायम होईपर्यंत एकही नवा पट्टा दिला जाऊ नये, आणि त्या मोजणीत गोदाम उभे आहे की पाडलेले आहे हे विचारात घेतले जाऊ नये.