एकटीचे दीड हजार आणि सगळ्यांचे दीड हजार

वर्षाला 21 हजार रुपये. महिन्याला 1,750, दिवसाला 58 रुपयांच्या आत. नवी मुंबईतल्या एकट्या आईला सरकारदरबारी 'निराधार' ठरायचे असेल, तर कुटुंबाची कमाई याहून जास्त नको किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेची ही अट. सीवूड्सच्या एखाद्या सोसायटीत दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा या मापात बसत नाही. तिने काम सोडावे, नाहीतर दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवावे. यातले काय घडत असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

ही योजना 1980 पासूनची. 2023 मध्ये तिचे मासिक अनुदान दीड हजार झाले. पुढच्याच वर्षी 'माझी लाडकी बहीण' आली आणि तेच दीड हजार अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील बायकांना मिळू लागले. घरात कमावता नवरा असलेली आणि एकटीच्या हिमतीवर दोन मुले वाढवणारी, दोघींच्या खात्यात रक्कम सारखीच. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा दीड हजार मिळत असतील, तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. म्हणजे एकटेपणाचा वेगळा असा भार सरकारने शून्य रुपयांचा धरला आहे.

खरी परवड आहे ती परित्यक्तेची. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा निकाल. नवरा एक दिवस निघून गेला आणि परतलाच नाही, याचा कागद कोण देणार? संगमनेरला परित्यक्ता महिलांची परिषद भरली ती 1988 मध्ये. त्यानंतर साडेतीन दशके उलटली, तरी या बायका अजून पुरावाच शोधत आहेत. 2025 मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. यातला एकही कागद हाती नसलेली बाई पुन्हा दाराबाहेरच राहिली.

तिला आई म्हणून मोजणारी योजना खरे तर आहे: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गमावलेल्या मुलामागे, ते 18 वर्षांचे होईपर्यंत, महिन्याला 2,250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये तर मुलामागे चार हजारांची तरतूद आहे आणि शहरी भागासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 96 हजार. ही मर्यादा फार उदार नाही, पण 21 हजारांपुढे ती शहाणपणाची वाटते. लाडक्या बहिणीचे फलक नाक्यानाक्यावर झळकले; बालसंगोपनाचा अर्ज कुठे करायचा, हे मात्र एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता भेटला तरच कळते. हा अर्ज जातो महिला व बालविकास कार्यालयामार्फत बालकल्याण समितीपुढे. मंजुरी मिळाली तरी हप्ते वेळेवर येतीलच असे नाही.

त्यात नवी मुंबईची गंमत अशी की विभागीय आयुक्तांचे कोकण भवन बेलापुरात, पण नेरूळच्या बाईचे तहसील आणि जिल्हा दोन्ही ठाणे. बेलापूरच्या पुढच्याच नोडमधले खारघर मात्र रायगड जिल्ह्यात. तिथल्या आईचे तहसील पनवेल आणि जिल्ह्याचे ठिकाण थेट अलिबाग. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. दाखल्यासाठी तीन खेपा घालायला लावून तिला महिन्याचे दीड हजार देणे, हा हिशेब अर्ज छानणाऱ्यांनी एकदा मांडून पाहावा.

महापालिकेने विधवा आणि घटस्फोटित महिलांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवली आहे, ही जमेची बाजू. तिच्यात परित्यक्तेच्या मुलांचाही स्पष्ट उल्लेख हवा. राज्याने 21 हजारांची मर्यादा निदान मिशन वात्सल्यच्या 96 हजारांपर्यंत न्यावी आणि अंगणवाडी सेविकेने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून केलेला पंचनामा परित्यक्तेचा पुरावा म्हणून मान्य करावा. वस्तीत कोण एकटीने संसार ओढते आहे, हे सेविकेइतके कुणाला ठाऊक नसते. आणि बेलापूरपासून दिघ्यापर्यंत महापालिकेची आठ विभाग कार्यालये आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस, शक्यतो रविवारी, तहसील आणि बालविकास विभागाचा माणूस एकाच टेबलाशी बसवायला नवा कायदा लागत नाही.