उद्यम क्रमांक कोणाच्या नावावर? सरकारी खरेदी आणि आपले छोटे उद्योग



आपल्या बालाघाट जिल्ह्यात भरवेली, उकवा, तिरोडीला मँगनीज निघते आणि मलाजखंडला तांबे. मँगनीजच्या या खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉईलच्या आहेत, तांब्याची हिंदुस्तान कॉपरची. दोन्ही केंद्र सरकारच्या कंपन्या. शिवाय रेल्वे आहे, वन विभाग आहे, शाळा, वसतिगृहे, दवाखाने आहेत. या सगळ्यांना वर्षभर काही ना काही विकत घ्यावे लागते: गणवेश, छपाई, लोखंडी कामे, भाड्याची वाहने, यंत्रांची दुरुस्ती, खानपान. हे काम करणारी माणसे आपल्यातही आहेत. पण बिल बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावाने निघते, कारण सरकारी खरेदीसाठी लागणारे नोंदणी क्रमांक त्या दुसऱ्याकडे असतात. या क्रमांकांचे महत्त्व आता बरेच वाढले आहे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

मुख्य क्रमांक तीन. पॅन दहा अक्षरी, तो व्यक्तीचा किंवा संस्थेचा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी, त्यात सुरुवातीला राज्याचे दोन आकडे आणि मग तोच पॅन. तिसरा उद्यम क्रमांक. तो 1 जुलै 2020 पासून मिळू लागला आणि आधीच्या उद्योग आधारची जागा त्याने घेतली. जुने उद्योग आधारचे कागद आता चालत नाहीत. या तिघांच्या आधारावर जेम या सरकारी बाजारपेठेवर विक्रेता म्हणून नाव नोंदवता येते. जेम 2016 मध्ये सुरू झाले. तिथे मिळणाऱ्या वस्तू आणि सेवा तिथूनच घेणे केंद्राच्या खात्यांना 2017 च्या वित्तीय नियमांनी बंधनकारक केले, आणि सरकारी कंपन्याही तिथे मोठी खरेदी करतात.

उद्यम क्रमांकामुळे नेमके काय मिळते? केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. आधी हा हिस्सा 20 टक्के होता, 1 एप्रिल 2019 पासून 25 टक्के झाला. त्या 25 मध्ये 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिलांसाठी आहेत. निविदेचे कागद फुकट मिळतात, बयाणा रक्कम भरावी लागत नाही. दरातही सवलत आहे. समजा एका मोठ्या कंपनीने 100 रुपये दर दिला आणि तो सर्वांत कमी ठरला. आपला दर 115 रुपयांच्या आत असेल, तर 100 रुपयांवर यायची तयारी दाखवून आपल्याला खरेदीचा किमान चौथा हिस्सा मागता येतो.

1 एप्रिल 2025 पासून उद्योगांच्या मर्यादाही वाढल्या. आता यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, तर 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंतचा लघु. याचे दोन अर्थ निघतात. धंदा वाढला की सवलती जातील, या भीतीने हात आखडता घेण्याचे कारण उरले नाही. पण त्याच 25 टक्क्यांत आता आपल्यापेक्षा बरेच मोठे उद्योगही उभे राहणार. शिलाईची चार यंत्रे असलेले घर आणि नऊ कोटींची उलाढाल असलेला कारखाना, दोघेही कागदावर सूक्ष्मच. चुरस वाढली असताना ज्याचा क्रमांक स्वतःचा आणि नीट भरलेला, तोच टिकेल.

म्हणून क्रमांक घेताना तीन गोष्टी पाहायच्या: कोणाच्या नावावर, कोणत्या कामासाठी आणि केव्हा.

आधी नाव. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनला बांधलेली असते. एकट्याच्या धंद्यात मालकाचा आधार, भागीदारीत व्यवस्थापक भागीदाराचा, एकत्र कुटुंबात कर्त्याचा. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक. आपल्याकडे वहिनी किंवा काकू घरी बसून शिवतात, पापड-लोणची करतात, बचत गट स्वयंपाकाचे काम घेतो आणि ठेकेदार आपल्या क्रमांकावर माल लावतो. मजुरी मिळते, पण कामाची नोंद ठेकेदाराच्या खात्यात जाते. पुढच्या निविदेत मागील कामाचा अनुभव मागितला की तो दाखवतो, ज्यांनी काम केले त्यांच्याकडे दाखवायला कागद नसतो. बँकेतही तेच होते. दहा वर्षे काम करून दहा ओळींचा पुरावा नसणे, हे आमच्या मते यातले सर्वांत मोठे नुकसान आहे. महिलांचा 3 टक्के हिस्सा नुसत्या नावापुरत्या मालकिणीसाठी ठेवलेला नाही. भागीदारीत किमान 51 टक्के वाटा महिलांचा असावा लागतो. काम वहिनींचे असेल तर क्रमांक, बँक खाते आणि ओटीपी येणारा मोबाईलही वहिनींचाच असावा.

मोबाईलचे मुद्दाम लिहिले आहे. कर सल्लागार किंवा संगणक केंद्रवाले सोयीसाठी स्वतःचा मोबाईल टाकतात. मग प्रमाणपत्र काढायचे, पत्ता बदलायचा, तर प्रत्येक वेळी त्यांच्याकडे हात पसरावा लागतो. नंबर आणि ईमेल आपलाच द्यावा.

दुसरे, काम. अर्जात उद्योगाचा प्रकार निवडावा लागतो. उत्पादन आणि सेवा यांना खरेदी धोरणाचा लाभ आहे. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम क्रमांक मिळतो, पण त्याचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच. बाजारातून माल आणून कार्यालयाला पुरवणाऱ्याला बयाण्याची सूट मागता येणार नाही. आणि स्वतः शिवून देणाऱ्या माणसाने घाईत कपड्यांचा व्यापार असे निवडले, तर त्याचा हक्काचा लाभ एका चुकीच्या खुणेमुळे जातो. रस्ते आणि इमारतींच्या बांधकामाचे ठेके या धोरणात बसत नाहीत, त्यांची ठेकेदार नोंदणी वेगळी. राज्य सरकारच्या खरेदीला मध्य प्रदेशचे स्वतःचे भंडार क्रय नियम लागू होतात. तेव्हा केंद्राची सवलत भोपाळच्या निविदेत गृहीत धरू नये, अटी वाचूनच दर भरावा.

तिसरे, वेळ. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला मोठे संरक्षण आहे. लेखी करारात काहीही लिहिले तरी पैसे 45 दिवसांच्या पुढे अडवता येत नाहीत, आणि अडवले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. हे खाजगी खरेदीदारालाही लागू आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये असे म्हटले की नोंदणी करारानंतर केली, तर आधीच्या पुरवठ्यासाठी हा लाभ मागता येत नाही. 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. आपण निकालाची वाट कशाला पाहायची? पहिला करार होण्याआधीच नोंदणी करून ठेवावी, म्हणजे वादच नको.

आता थोडे आपल्या सीमेचे. 1956 पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. राज्यांची पुनर्रचना झाली आणि सोयरिकी दोन्हीकडे राहिल्या. जीएसटीत मात्र आपला आकडा 23 आणि महाराष्ट्राचा 27. मध्य प्रदेशात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तोच माल बालाघाटहून गोंदियाच्या कार्यालयाला विकला, तर हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तू सोडता, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. एका भावाचे दुकान इथे आणि दुसऱ्याचे तिकडे, पण पॅन एकच असेल, तर जीएसटी क्रमांक दोन आणि उद्यम एकच. दोन्हीकडची उलाढाल एकत्र मोजली जाते. अडीच लाखांवरच्या सरकारी करारात 2 टक्के जीएसटी कापूनच पैसे येतात. तो आपल्या खात्यात जमा दिसतो, दर भरताना तेवढी रोकड अडकेल हे लक्षात ठेवावे.

ही पद्धत आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत सरकारी कामासाठी वर्षानुवर्षे एका खाजगी कंपनीने दिलेला डन्स क्रमांक लागत असे. 4 एप्रिल 2022 पासून तिथल्या सरकारने स्वतःचा बारा अक्षरी क्रमांक सुरू केला. तो फुकट मिळतो, तरी पैसे घेऊन नोंदणी करून देणाऱ्यांचा सुळसुळाट तिथेही आहे. आपल्याकडे उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे, कोणताही कागद अपलोड करावा लागत नाही आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरणही नसते, माहिती मात्र अद्ययावत ठेवावी लागते. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे पान उघडून कोणी शुल्क मागत असेल, तर ते पान बंद करावे. अडचण आल्यास जिल्हा व्यापार आणि उद्योग केंद्रात विचारता येते.

क्रमांक मिळाला म्हणजे काम मिळाले, असा गैरसमज नको. दर, दर्जा आणि वेळेवर माल, यावरच ठेका मिळतो आणि टिकतो. पण क्रमांक नसेल तर आपण त्या रांगेत उभेच नसतो. खाणीतून मँगनीज आणि तांबे आपल्या डोळ्यांसमोर बाहेर जाते. त्या खाणींना लागणाऱ्या वस्तूंच्या बिलावर तरी आपल्या घरातील कष्ट करणाऱ्याचे नाव असावे, एवढी अपेक्षा मोठी नाही. सणासुदीला घरची मंडळी एकत्र जमतील तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या घरात जो धंदा चालतो, त्याचा उद्यम क्रमांक कोणाच्या नावावर आहे, आणि त्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?