खोडलेला शब्द

दरवर्षी ११ नोव्हेंबरला अमेरिकेत माजी सैनिक दिनाची सार्वजनिक सुटी असते. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत अनाम सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले जाते, गावोगावी संचलने निघतात. सैनिकाविषयी कृतज्ञता बाळगण्यात गैर काहीच नाही; सैन्यात जातो तो बहुधा शेतकऱ्या-कामकऱ्याचाच मुलगा. परंतु हा दिवस मुळात सैनिकाचा नव्हता, युद्ध थांबल्याचा होता, ही गोष्ट या समारंभात हरवून जाते.

१९१८ साली याच दिवशी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरच्या तोफा थंडावल्या. पुढील वर्षापासून युद्धविराम दिन पाळला जाऊ लागला. १९२१ च्या ११ नोव्हेंबरला अध्यक्ष हार्डिंग यांच्या उपस्थितीत आर्लिंग्टनला अनाम सैनिकाचे दफन झाले, तेव्हा युद्धविरोधी भाषणाबद्दल शिक्षा झालेले समाजवादी नेते युजीन डेब्ज अटलांटाच्या तुरुंगात होते! १९३८ च्या कायद्याने हा दिवस राष्ट्रीय सुटीचा ठरला आणि तो जागतिक शांततेच्या कार्याला वाहिलेला आहे, असे त्या कायद्यातच नमूद झाले.

दरम्यान जिवंत परतलेल्यांचे काय झाले? १९२४ च्या कायद्याने त्यांना मायदेशातील सेवेच्या प्रत्येक दिवसाला एक डॉलर व परदेशातील दिवसाला सव्वा डॉलर मोबदला मंजूर झाला. मात्र बहुतेकांच्या हाती रोकड नव्हे, प्रमाणपत्र पडले, आणि ते वटण्याची मुदत होती १९४५! सन्मान रोखीने आणि मजुरी उधारीने, असा हा व्यवहार. पुढे मंदीने कारखाने बंद पाडले. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक, कित्येक बायकामुलांसह, वॉशिंग्टनला आले, ॲनाकॉस्टिया नदीकाठी झोपड्या घालून राहिले आणि आमचे पैसे आज द्या, एवढेच मागत राहिले. प्रतिनिधिगृहाने त्यांचे विधेयक संमत केले, सेनेटने फेटाळले. २८ जुलैला पोलिसांच्या गोळ्यांनी दोघे माजी सैनिक बळी पडले. पाठोपाठ जनरल मॅकआर्थर यांचे घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर आला, झोपड्या जळाल्या. पैसे मिळण्याचा कायदा झाला तो १९३६ मध्ये, तोही अध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून.

दुसऱ्या महायुद्धात व कोरियात लढलेल्यांना या दिवसात स्थान नाही, ही तक्रार रास्त होती. घरातला एक तरुण युद्धात गमावलेले, कॅन्ससमधील एंपोरिया गावचे जोडे दुरुस्त करणारे ॲल्विन किंग यांनी ती हिरिरीने मांडली. १ जून १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केली आणि कायद्यातील ‘युद्धविराम’ हा शब्द जाऊन तेथे ‘माजी सैनिक’ आले. किंग यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण जुना शब्द न खोडताही सर्व सैनिकांना सामावून घेता आले असते. युद्ध संपल्याचा दिवस नव्या युद्धाची तयारी करणाऱ्यांना अडचणीचा असतो. माजी सैनिकांचा दिवस मात्र प्रत्येक नव्या युद्धाबरोबर वाढत जातो.

नंतर जोडसुटीची सोय आणि प्रवास-व्यापाराची भरभराट यांसाठी ११ तारीखही गेली. १९६८ च्या कायद्यानुसार १९७१ पासून हा दिवस ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी पाळला जाऊ लागला. लोकांना ते रुचले नाही, व १९७८ पासून मूळ तारीख परत आली. तो पहिला सोमवार उगवण्याच्या सहा महिने आधी, एप्रिल १९७१ मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी आपली पदके वॉशिंग्टनच्या संसदभवनासमोर फेकून दिली होती.