पाटी कोरी आहे ना?

सोमवार ते शुक्रवार एक्सेलशीट, शनिवारी कयाक! तारकर्ली असो वा गोव्याचं बॅकवॉटर, वीकएंडला वल्हं मारायची हौस हल्ली अनेकांना लागलीय. झकास आहे. पण एक लोचा आहे बॉस. दोन्ही हात वल्ह्याला, बोटं ओली, मोबाइल ड्राय बॅगेत. बाहेर काढलाच, तर ओल्या बोटांना टचस्क्रीन धड दाद देत नाही. मग ‘परत कधी फिरायचं?’ हे बघायचं कुठे?

सी-कयाकिंगवाल्यांचं उत्तर एकदम बालवाडीतलं आहे : पाटी-पेन्सिल!

पांढऱ्या प्लॅस्टिक शीटचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या. गुळगुळीत असेल तर पॉलिशपेपरने हलकेच घासा. आता त्यावर साधी शिसपेन्सिल चालते, अगदी पाण्याखालीसुद्धा. स्कूबा डायव्हर हेच करतात. कारण शिसपेन्सिलीत शाई नसतेच. खरखरीत पृष्ठभागावर ग्राफाइट घासलं जातं, बस्स. खोडायला खोडरबर. पाटी दोरीने कयाकला बांधा, पेन्सिलही बांधा.

दुसरा पर्याय ग्रीस पेन्सिल, म्हणजे काचेवर खुणा करायची मेणकट पेन्सिल. निघण्याआधी कयाकचा पुढचा भाग कोरडा पुसून थेट त्यावर लिहायचं. पाण्याने जात नाही, कोरड्या फडक्याने जातं. फक्त सनस्क्रीनचा तेलकट हात त्यावरून फिरवू नका. जेल पेन आणि ऑफिसातला व्हाइटबोर्ड मार्कर मात्र ऑफिसातच ठेवा.

लिहायचं काय? चारच गोष्टी : निघाल्याची वेळ, परत फिरायची वेळ, भरती-ओहोटीची वेळ आणि तटरक्षक दलाचा हेल्पलाइन नंबर १५५४. अक्षर ठसठशीत. लाटेवर हलताना वाचायचंय, मोत्यासारखं नको.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं : खोडणं. कोकणातला जुना हिशेब ठाऊक आहे ना? तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजेच भरती रोज पाऊण तास, खरं तर सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीही तशीच.

आता समजा, शनिवारी पाटीवर लिहिलं ‘ओहोटी पूर्ण १०’. रविवारी कंटाळा केला, तेच राहू दिलं. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीसोबत मुखाकडे निघालात. दहाला फिरू, आता भरती लागेल आणि पाणीच आपल्याला आत नेईल, असा प्लॅन. पण आज ओहोटी पूर्ण व्हायला अकरा वाजायला आलेले असणार! तोवर पाणी समुद्राकडेच ओढतंय, दंड भरून आलेत आणि पाटी ठामपणे सांगतेय ‘१०’.

कोरी पाटी परवडली मंडळी. ती निदान विचारायला लावते. कालची पाटी मात्र बरोबरच वाटते, म्हणून जास्त घातक.

तेव्हा किनाऱ्याला लागलात की आधी पाटी साफ, मग सोलकढी. आणि दुसऱ्या दिवशी टाइड टेबल नव्याने बघून, स्थानिक होडीवाल्या काकांना विचारून, नव्याने लिहायचं. पाणी रोज टायमिंग बदलतं. आपण दोन मिनिटं खोडरबर फिरवायला काय हरकत आहे?