रुपेरी विमान आणि इंधनाचा थेंब

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगविणे पांढुर्णा-सौसरकडील मुलांना शिकवावे लागत नाही. त्या बैलाला मिरवणुकीपुरती झळाळी पुरते. इंजिनावर उडणाऱ्या छोट्या विमानाला मात्र तेवढी पुरत नाही. एन. सी. सी.च्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण मिळते. या छंदाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी रंगाविषयी आमचे मत येथे मांडतो.

अशा विमानाच्या लहान ग्लो इंजिनात मिथेनॉल, तेल आणि बहुधा थोडे नायट्रोमिथेन असे मिश्र इंधन वापरतात. तेल पुष्कळदा आपल्या परिचयाच्या एरंडाचेच असते. इंजिनाच्या धुराबरोबर हे तेल व न जळलेले इंधन बाहेर पडून पंखांवर आणि शेपटीवर पसरते. साधा लॅकर त्यातील द्रावक उडून गेल्याने वाळतो आणि योग्य द्रावक लागताच पुन्हा मऊ पडतो. नायट्रोसेल्युलोजच्या रंगाला मिथेनॉल मानवत नाही ते यामुळेच. रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. त्यांना धरून ठेवणारा थर मऊ झाला की सारी चांदी फडक्यावर उतरते. मग इंधन बाल्साच्या हलक्या लाकडात मुरते, विमान जड होते, सांधे सैल पडतात आणि कित्येक आठवड्यांचे श्रम व्यर्थ जातात.

यावर चांगला उपाय म्हणजे रुपेरी थरावर दोन घटकांच्या पारदर्शक पॉलियुरेथेनचा पातळ थर देणे. तो नुसता वाळत नाही. दोन्ही घटकांच्या रासायनिक संयोगाने पक्का होतो व सहसा पुन्हा विरघळत नाही. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचा फवारा फुप्फुसांना घातक ठरतो. म्हणून हे काम मुलांनी करू नये. श्वसनसंरक्षणाची साधने वापरणाऱ्या मोटार-रंगाऱ्याकडून करवून घ्यावे. मिथेनॉलही विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. तेव्हा तेही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच हाताळावे.

कोणी म्हणेल, विजेवर उडणारे विमान घेतले की हा प्रश्नच उरत नाही. खरे आहे, आणि नवशिक्यांनी तेच घ्यावे. पण ज्यांना इंजिनच हवे, त्यांनी डब्यावरील मजकूर किंवा दुकानदाराची ग्वाही प्रमाण मानू नये. बाल्साच्या टाकाऊ पट्टीवर तेच थर त्याच क्रमाने द्यावेत. दुसऱ्या पट्टीवर फक्त पारदर्शक थर वगळावा. दोन्ही पूर्ण पक्क्या झाल्यावर मोठ्यांच्या समक्ष प्रत्येकीवर आपल्याच इंधनाचा एकेक थेंब टाकावा आणि काही वेळाने पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके रुपेरी झाले किंवा रंग चिकट लागला, तर तो रंग विमानाच्या कामाचा नाही.

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनांत केवळ झळाळीला बक्षीस मिळू नये, असे आम्हांस वाटते. इंजिनाच्या विमानाशेजारी या दोन्ही पट्ट्या मांडाव्यात, उतरलेली आणि टिकलेली. आणि परीक्षकांनी विमानाइतकेच गुण त्या पट्ट्यांनाही द्यावेत.