आधी वाकवा, मग नटवा

शिकारीचा शोभेचा सुरा म्हटलं की शिंगाची मूठ, पात्यावर लाटांसारखी नक्षी असंच डोळ्यांसमोर येतं. पण हातानं सुरे घडवणाऱ्यांची 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' (स्थापना १९७६) आधी भलतंच मागते. 'जर्नीमन' व्हायचंय? साधा, बिननक्षीचा सुरा आणा. लोंबता एक इंची दोर एका घावात तोडा. मग लाकडाची जाड फळी दोनदा तोडा. एवढं झाल्यावरही त्याच धारेनं हातावरचे केस निघाले पाहिजेत! शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं. तुटलं की नापास. देखणे सुरे दाखवायचे ते यानंतर.

यात जादू नाही. धार कडक, पाठ चिवट. म्हणजे आपलंच हार्डनिंग-टेंपरिंग. आपण ते व्हायवापुरतं पाठ करतो. वर्कशॉपचा जॉब एमरी पेपरनं चकाचक केला की सबमिशन झालं, मार्क फिनिशला. तो रॉकवेल टेस्टरखाली ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मित्रहो, हॉस्टेलात सुरा नको, रेक्टर हाकलतील. छिन्नी चालेल. ट्रकच्या पाट्याचा तुकडा द्या, एका टर्ममध्ये प्रत्येकानं एक घडवावी. सरांनी ती सबमिशनला स्वतः लोखंडी पट्टीवर हाणावी. धार मोडली तर रिपीट.