मदतनिधीच्या नृत्यस्पर्धा आणि हिशेब

स्नेहसंमेलनांचा मोसम आला की कोल्हापूरच्या चौकाचौकांत बालकलाकारांच्या नृत्यस्पर्धांचे फलक झळकू लागतात. त्यांतील काहींवर ‘मदतनिधीसाठी’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. निधी कधी पूरग्रस्तांसाठी, कधी अनाथाश्रमासाठी, तर कधी एखाद्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी असतो. संयोजकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हे शहर कसे धावून गेले, हे सर्वांनी पाहिले आहे. प्रश्न हिशेबाचा आहे. आणि हिशेब विचारणे म्हणजे देणाऱ्याच्या दानतीवर संशय घेणे, ही रूढ समजूत प्रथम दूर व्हावयास हवी.

कलेच्या प्रयोगातून सार्वजनिक कार्यासाठी पैसा उभा करणे कोल्हापूरला नवे नाही. याच मातीतले केशवराव भोसले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बालगंधर्व ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले. खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा तो संयुक्त प्रयोग, धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. तेथे देणारे कलावंत आपल्या व्यवसायाच्या शिखरावर होते आणि तिकीट काढणारा प्रेक्षक परका होता. आजच्या बालस्पर्धेचे अर्थकारण नेमके उलटे आहे. येथे कलावंतच प्रवेशशुल्क भरतो आणि तिकिटे खपतात ती बहुतांशी त्याच्याच आई-वडिलांना, मामा-मावशीला.

एक काल्पनिक ताळेबंद मांडून पाहावा. २०० स्पर्धक, प्रत्येकी ३०० रुपये शुल्क, म्हणजे ६०,००० रुपये. ५०० तिकिटे, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ५०,०००. एकूण जमा १,१०,०००. सभागृहाचे भाडे, ध्वनी आणि प्रकाश, चषक, परीक्षकांचे मानधन, फलक, पाहुण्यांचे हारतुरे यांवर ९०,००० खर्च झाले, तर निधीत उरतात २०,०००. आता पालकांच्या खिशाकडे पाहू. वेशभूषा, रंगभूषा आणि नृत्य बसविणाऱ्या शिक्षकाचे शुल्क मिळून प्रत्येकी अवघे १,५०० धरले तरी आणखी तीन लाख होतात. म्हणजे वीस हजारांच्या मदतीसाठी कारकून-शिक्षकांच्या घरांतून चार लाखांहून अधिक रक्कम बाहेर पडली! अर्थात हा सारा पैसा वाया गेला असे नव्हे. मुलाला रंगमंच मिळाला, आजीला कौतुक करता आले, मांडववाल्याला काम मिळाले. परंतु हा मुख्यतः कुटुंबाने केलेला हौसेचा खर्च आहे, त्याला दानाचे नाव देणे बरोबर नाही.

या बाबतीत जुना कायदा अधिक स्पष्ट होता. १९२३ च्या मुंबईच्या करमणूक शुल्क कायद्यात धर्मादाय कार्यक्रमाला माफी होती, पण केव्हा? खर्चापोटी काहीही वजा न करता सर्व उत्पन्न त्या कार्याला दिले तर. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्याची ती जुनी आकारणी गेली. तिच्याबरोबर ही कसोटीही विस्मरणात गेली. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशमंडळांना चांगले ठाऊक आहे. पालकाच्या हाती मात्र जमाखर्चाचा कागद क्वचितच पडतो.

दुसरा खर्च पैशात मोजता येत नाही. बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक, आणि विश्रांतीवाचून तीन तासांहून अधिक राबविता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध तर मुळीच नाही. बिनमोबदला धर्मादाय स्पर्धेला हे नियम लागू पडतात की नाही, याचा कीस वकिलांनी काढावा. पण दुपारी चारला रंगविलेली सात वर्षांची मुलगी, प्रमुख पाहुणे उशिरा आल्यामुळे, रात्री साडेदहाला आईच्या मांडीवर नऊवारीतच झोपी गेलेली दिसते, तेव्हा निधी कोणाच्या श्रमातून उभा राहतो हे निराळे सांगावे लागत नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रवेशशुल्क हे खर्चासाठी आणि तिकीट हे मदतीसाठी, असे उघड जाहीर करावे. वरील उदाहरणात मग साठ हजारांतच सारे बसवावे लागेल आणि तिकिटांचे पन्नास हजार पूर्ण निधीत जातील. साहजिकच कात्री प्रथम चषकांना, फलकांना आणि हारतुऱ्यांना लागेल. भाड्याचा भार महानगरपालिकेला हलका करता येईल. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत भस्मसात झाले. त्यानंतर सार्वजनिक रंगमंचाचे मोल हौशी संस्थांना निराळे पटवून द्यावे लागले नाही. तिकिटांचे संपूर्ण उत्पन्न देणाऱ्या, आठ दिवसांत जमाखर्च दारावर लावणाऱ्या आणि रात्री आठला पडदा पाडणाऱ्या संस्थेला पालिकेने आपले सभागृह विनामूल्य द्यावे. बदल्यात एक अट घालावी: पालिकेच्या शाळांतील दोन गट विनाशुल्क घ्यावेत, आणि त्यांच्या वेशभूषेचा खर्च संयोजकांनी सोसावा. तीनशे रुपयांचे शुल्क आणि दीड हजारांची तयारी त्या घरांना पेलत नाही, म्हणून ती मुले आज या स्पर्धांत अभावानेच दिसतात.